बॉनेटवर तळहात ठेवून बघा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत वापरलेल्या आलिशान आणि वेगवान सेडान गाड्यांवर पानभर लेख आला होता. इंजिन किती सिलिंडरचं, ताकद किती, शून्यापासून शंभरचा वेग किती सेकंदांत आणि दहा वर्षांत किंमत किती उतरली, याचा तक्ताही होता. सोमवारी आमच्या ऑफिसात तो तक्ता तीन टेबलांवर दिसला. एका तरुण सहकाऱ्याने तर फोनाफोनी करून अशीच एक गाडी बघायला जायचा वारही ठरवला होता. मी सात वर्षं अशी गाडी चालवते हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तो माझ्याकडे आला. दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत आम्ही बोललो आणि माझ्या लक्षात आलं, की लेखात जे छापलेलं नाही त्यावरच आमचा सगळा वेळ गेला. ते आपल्या इतर वाचकांपर्यंतही पोहोचावं म्हणून हे पत्र.

मी ऑडिटर आहे. दुसऱ्यांची बिलं आणि वह्या तपासण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. त्यामुळे आधी पैशांचं बोलते.

तक्त्यात किंमत उतरल्याचा रकाना होता, तो खरा आहे. पण उतरते ती गाडीची किंमत. सुट्या भागांचे दर, ती गाडी नवी असताना ज्या वर्गाची होती त्याच वर्गाचे राहतात. छोट्या गाडीला साडेतीन-चार लिटर इंजिन ऑइल लागतं, माझ्या गाडीत साडेआठ लिटर जातं. आठ सिलिंडर म्हणजे कॉइल आठ, स्पार्क प्लग आठ; काही इंजिनांत एकेका सिलिंडरला दोन-दोन प्लग असतात, म्हणजे सोळा. ब्रेकच्या डिस्क ताटाएवढ्या, आणि त्या जोडीनेच बदलायच्या. पुढचे आणि मागचे टायर बऱ्याचदा वेगवेगळ्या मापाचे, त्यामुळे पुढचे मागे टाकून झीज सारखी करायची सोय नाही. एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर गाडी तोलणारी व्यवस्था, असेल तर रबरी फुगे म्हातारे होतात आणि रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसते. माझ्या सहकाऱ्याने हप्ता, विमा आणि पेट्रोल एवढाच हिशेब मांडला होता. मी त्याला सांगितलं, की गाडीच्या किमतीचा चौथा हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवता येत असेल तरच पुढे जा. मी तसंच केलं होतं आणि त्यातला बराचसा पैसा पहिल्या दीड वर्षातच कामाला आला.

गिअरबॉक्सच्या ऑइलबद्दल दोन शब्द. अनेक गाड्यांच्या माहितीपुस्तकात ते ‘लाइफटाइम’ म्हणजे कधीच बदलायचं नाही असं लिहिलेलं असतं. यांतल्या पुष्कळ गाड्यांचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी मात्र ते ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांनी बदलायला सांगते. वापरलेली गाडी घेणाऱ्याने गिअरबॉक्स बनवणाऱ्याचं ऐकावं.

आता गाडी बघण्याबद्दल. मी घेतली ती गाडी दुसरी. पहिली सोडून दिली, आणि ती का सोडली हे सविस्तर सांगण्यासारखं आहे.

त्या गाडीचं रनिंग अवघं ४८ हजार होतं, वय दहा वर्षं. रंग आरशासारखा. विकणाऱ्याला मी आधीच फोनवर सांगितलं होतं, की सकाळी आठला येते, गाडी रात्रभर उभी असू दे, मी येण्याआधी सुरू करू नका. ते हो म्हणाले होते. पोचल्यावर नमस्कार-चमत्कार झाले आणि मी बॉनेटवर तळहात ठेवला. पत्रा चांगला गरम होता.

हे एवढं महत्त्वाचं का? थंड इंजिन सुरू होतानाचे पहिले काही सेकंद बरंच काही सांगून जातात. इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी टायमिंग चेन सैल असेल तर ती तेवढ्यापुरती खडखडते. व्हॉल्व्हच्या सील गेल्या असतील तर रात्रभर झिरपलेलं ऑइल जळून सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो. आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असताना इंजिनाचं फिरणं, हेलकावे खातं. इंजिन गरम झालं की यातलं पुष्कळसं झाकलं जातं. ज्याला थंड इंजिन दाखवायचं नाही, त्याच्याकडे दाखवण्यासारखं नसतं असं मी धरून चालते.

मग फाइल बघितली. सर्व्हिसिंगची पाच बिलं, एकाच गॅरेजची, चार वर्षांत विखुरलेल्या तारखांची. ऑडिटरची नजर तारखेच्या आधी नंबरावर जाते. नंबर होते ११२, ११३, ११४, ११५ आणि ११६. चार वर्षांत एका गॅरेजने फक्त हीच पाच बिलं केली असणं शक्य नाही. पाचही बिलांवर अक्षर एक, शाईची छटा एक, आणि शेवटच्या दोन बिलांवर कार्बनचा डागही एकाच जागी. ती बिलं एका बैठकीत लिहिलेली होती, हे सांगायला मला कोणत्याही गाडीतज्ज्ञाची गरज नव्हती.

बरोबर आलेल्या मेकॅनिकनी तोवर गाडीच्या कंप्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर लावला होता. एकही फॉल्ट नाही. विकणारे खूश झाले. मेकॅनिक मात्र मान हलवत मला म्हणाले, “ताई, फॉल्ट नाही, पण गाडीच्या स्वतःच्या टेस्टही पूर्ण नाहीत. कोणीतरी मेमरी पुसलीय.” नोंदवलेल्या दोषांचे कोड पुसले, की धुराच्या यंत्रणेच्या ज्या चाचण्या गाडीचा कंप्युटर चालता चालता आपणहून करत असतो त्यांचे निकालही पुसले जातात. ते पुन्हा जमायला गाडी बरीच, वेगवेगळ्या वेगाने, चालावी लागते. म्हणजे आदल्या एक-दोन दिवसांत डॅशबोर्डवरचे दोषाचे दिवे विझवले होते. आम्ही चहाला थांबलो नाही.

मी घेतलेल्या गाडीचं रनिंग १ लाख ३४ हजार होतं. ऐकणारे दचकतात. पण त्या मालकांनी इंजिन गार ठेवलं होतं आणि पहिल्या दिवसापासूनची बिलं खोक्यात जपली होती. वेगवेगळी अक्षरं, ऑइलचे डाग, मधे एका वर्षी कूलंटचा पंप बदललेला. रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावलं तर सगळीकडे ११० ते १३० मायक्रॉन, फक्त डाव्या मागच्या दारावर २८०. म्हणजे ते दार पुन्हा रंगवलेलं, पण पुट्टी भरून नाही; पुट्टी असती तर आकडा याच्या कितीतरी पुढे गेला असता. आम्ही विचारायच्या आत मालक म्हणाले, “ते दार फाटकाला घासलं होतं, रंगवून घेतलंय.” आकडा आणि माणूस एकच सांगत होते. मला विश्वास बसला तो तिथे.

मेकॅनिकनी गाडी लिफ्टवर घेऊन अडीच तास बघितली. डिस्कच्या कडेवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, तो वाचून कॅलिपरने प्रत्यक्ष जाडी मोजली. मला डिस्कच्या काठावर नख फिरवायला लावलं. जेवढा कंगोरा नखाला लागेल तेवढी झीज. पुढच्या आर्मचे बुश फाटलेले होते. कूलंटची प्लॅस्टिकची टाकी पिवळी पडली होती, ती दुधी पांढरी असायला हवी. त्यांनी अकरा दोषांची यादी केली आणि त्या यादीवर आमचा भाव ठरला. कमी रनिंगच्या मोहात पडू नये असं मी आग्रहाने सांगते. उभ्या गाडीच्या सील सुकतात, आणि फक्त चार-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारलेल्या इंजिनात ऑइल कधी पुरेसं तापतच नाही, त्यामुळे त्यात पाणी आणि पेट्रोल साचत राहतं.

एवढं सगळं बघूनही एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली, आणि ती जिवावर बेतली असती.

गाडी घेऊन चार महिने झाले होते. पाऊस नुकताच थांबला होता, रस्ता ओला होता. मोठ्या रस्त्यावरून उतरणाऱ्या एका गोल वळणावर मी साधारण साठच्या वेगात होते. वळण संपत आल्यासारखं वाटलं म्हणून ॲक्सिलरेटर किंचित दाबला. मागचा भाग बाजूला निघाला. हे आधी मानेला कळलं, डोळ्यांना नंतर. स्टेअरिंग उलटं फिरवायचं सुचायच्या आतच डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं पिवळं चित्र लुकलुकलं, कुठल्यातरी एका चाकाचा ब्रेक आपोआप लागल्याची करकर पायाखाली जाणवली आणि गाडी सरळ झाली. दोन सेकंदांचा खेळ. शेजारी बसलेल्या माझ्या पतींच्या हातातली पाण्याची बाटली माझ्या पायाशी, ब्रेकच्या पॅडलजवळ येऊन पडली होती.

सुरक्षित जागा बघून थांबले आणि मोबाइलच्या उजेडात मागचा टायर बघितला. नक्षी जवळजवळ सात मिलिमीटर खोल, नव्यासारखी. विकण्याआधी मालकांनी मागचे दोन टायर बदलले होते, त्याचं खरं, तारखेचं बिल माझ्या खोक्यात होतं. मग टायरच्या बाजूवर बोट फिरवत गेले आणि लांबट चौकटीतले चार आकडे सापडले : ३१०९. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २००० सालापासून ही पद्धत आहे. २००९ चा एकतिसावा आठवडा. टायर नऊ वर्षांचे होते. कुठल्यातरी गोदामात वर्षानुवर्षं पडून राहिलेला माल त्या मालकांच्या गळ्यात मारला गेला होता. बिल खरं होतं, माल जुना होता. रबर वयानुसार कडक होतं. नक्षी कितीही खोल असली तरी ओल्या रस्त्यावर ते धरत नाही. आणि यांतल्या बऱ्याच गाड्यांत इंजिनाची सगळी ताकद मागच्याच चाकांवर येते. बिलं तपासणाऱ्या बाईने चार आकडे वाचले नाहीत याची रुखरुख मला अजून आहे. तेव्हापासून ओळखीतला कोणीही गाडी घेतो म्हणाला, की मी आधी टायरचे आकडे विचारते.

ब्रेक ऑइलचंही असंच. ते हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल मुरलेलं तेच ऑइल १५५ च्या आसपास उकळू शकतं. लांबलचक घाट उतरताना ते उकळलं, की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल स्पंजासारखं आत जातं. दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी चालो वा न चालो. हे काम गाडीतल्या सगळ्यात स्वस्त कामांपैकी आहे.

संपादक महोदय, आपल्या तक्त्यातली ताकदही एकदा मागे वळून बघण्यासारखी आहे. बीएमडब्ल्यूची पहिली एम५ १९८५ साली रस्त्यावर आली तेव्हा तिच्या साडेतीन लिटर सहा सिलिंडर इंजिनाची ताकद २८६ अश्वशक्ती होती, आणि चार दारांच्या गाडीत एवढी ताकद ही तेव्हा नवलाई होती. २०१७ च्या एम५ ची ताकद ६००. २०२४ साली आलेल्या हायब्रिड एम५ ची ७२७, आणि तिचं वजन दोन हजार चारशे किलोंच्या वर. ताकद अडीचपट झाली, वजनही भरमसाट वाढलं. दचकून ब्रेकवर पाय जायला माणसाला लागणारा साधारण एक सेकंदाचा वेळ मात्र १९८५ साली होता तेवढाच आज आहे. शंभरच्या वेगात त्या एका सेकंदात गाडी जवळजवळ २८ मीटर पुढे गेलेली असते.

वेगाच्या गणितात एक हिशेब मी स्वतः मांडला आणि मुलालाही मांडून दाखवला. दोन सारख्या गाड्या, एक ताशी ८० वर, दुसरी १२० वर, शेजारी शेजारी. दोघींनी एकाच जागी पूर्ण ब्रेक लावला. गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून १२० च्या गाडीला थांबायला सव्वादोन पट अंतर लागतं. पण खरा आकडा पुढे आहे. जिथे ८० ची गाडी थांबते, त्या जागी १२० ची गाडी अजून ताशी ८९ च्या वेगात असते. मुलाने कॅल्क्युलेटरवर दोनदा करून बघितलं. वेग निम्म्याहून कमी झाला असेल असं त्याला वाटत होतं. मलाही वाटलं असतं.

आणि या गाड्यांची सगळ्यात मोठी फसगत हीच आहे, की त्या वेग जाणवू देत नाहीत. काच दुहेरी, दाराच्या रबरांना तीन-तीन पाळ्या, सीट अंगाला धरून बसवणारी. छोट्या गाडीत नव्वदला वाऱ्याचा आवाज येतो, स्टेअरिंग हलकं थरथरतं, माणूस आपोआप पाय सैल करतो. इथे ते काहीच होत नाही. पहिल्या महिन्यात मी गप्पा मारत चालले होते, सत्तर-ऐंशीला असेन अशा समजुतीत. काट्याकडे बघितलं तर १२८. मी घाबरले नव्हते, हेच मला घाबरवणारं वाटलं. तेव्हापासून मी अंदाजाने चालवत नाही, काट्याने चालवते. गाडीत वेगमर्यादा लावून ठेवायची सोय असते; शहरात ती कायम लावलेली. मोठ्या रस्त्यावरून उतरल्यावर पहिली पाच मिनिटं तर डोळे सारखे काट्यावर, कारण तेव्हा पन्नासचा वेग रांगल्यासारखा वाटतो.

मग ही ताकद कशासाठी, असं माझा सहकारी विचारत होता. माझं प्रामाणिक उत्तर असं. दुपदरी रस्त्यावर लांब ट्रक ओलांडताना मी समोरच्या बाजूला फार थोडा वेळ असते. चढावर भरलेली गाडी कुरकुरत नाही. सहाशे किलोमीटर जाऊन उतरले तरी पाठ दुखत नाही. आणि तो आठ सिलिंडरचा खालच्या पट्टीतला आवाज मला मनापासून आवडतो, तो ऐकायला ताशी चाळीसही पुरतात. माझ्या रोजच्या चालवण्यात पॅडल क्वचितच अर्ध्याच्या पुढे जातं, आणि तेवढ्यात मी तृप्त असते.

सकाळी गाडी काढली की पहिली दहा-पंधरा मिनिटं मी इंजिनला जोर देत नाही. कूलंटचा काटा लवकर मध्यावर येतो आणि लोक समजतात गाडी तापली. ऑइल मात्र बरंच मागे असतं. ज्या गाडीत ऑइलच्या तापमानाचा वेगळा काटा आहे त्यांनी तोच बघावा. माझ्या गाडीत तो ऐंशीच्या पुढे गेला, की मग मी मोकळी. जाड, गार ऑइल बेअरिंगच्या बारीक फटीत नीट पोचत नसताना ज्यांनी इंजिन ताणलं, त्यांची इंजिनं अवेळी उघडली जातात.

मुलगा बावीस वर्षांचा आहे. किल्ली मागितली तेव्हा मी नाही म्हटलं नाही. बंद मैदानावर एक दिवसाचं प्रशिक्षण असतं, तिथे आम्ही दोघं गेलो. ओल्या फरशीवर पूर्ण ताकदीने ब्रेक मारायला लावतात. चाकं जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा चालू झाल्यावर पॅडल पायाला धक्के देतं आणि नवखा माणूस घाबरून पाय उचलतो. मुलाने पहिल्या वेळी उचलला, मीही उचलला. तिसऱ्या वेळी दोघांचेही पाय खाली राहिले. वळणावर गाडी घसरली तर झाडाकडे नाही, मोकळ्या रस्त्याकडे बघायचं, कारण हात डोळ्यांच्या मागे जातात, हेही तिथेच अंगात भिनलं. घरी आमच्यात दोनच अटी ठरल्या : घसरण रोखणारी यंत्रणा बंद करायची नाही आणि पहिलं वर्षभर पावसात एकट्याने न्यायची नाही. त्याने दोन्ही पाळल्या.

आपल्याला विनंती एवढीच, की असा तक्ता पुन्हा छापाल तेव्हा त्यात आणखी काही रकाने घालावेत : चारही टायर आणि चार डिस्क बदलायचा खर्च, इंजिनात किती लिटर ऑइल जातं, गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदलायचं, त्या मॉडेलमधला माहीत असलेला मोठा दोष कोणता. अश्वशक्तीचा रकाना हवा तर तसाच ठेवा.

येत्या रविवारी सकाळी आठला मी सहकाऱ्याबरोबर ती गाडी बघायला जाणार आहे. मेकॅनिकही येणार आहेत. टायरवरचे आकडे वाचायला टॉर्च घेऊन ये, असं मी त्याला सांगून ठेवलं आहे.

आपली,
एक नियमित वाचक